बटन, झोपेची गोळी आणि उदासीची दवा

छत्रपती संभाजीनगरच्या गुन्हेविषयक बातम्यांत गेल्या काही वर्षांत एक साधा शब्द पुन्हा पुन्हा येतो : बटन. शर्टाचे नव्हे, नशेचे. पोलिसांच्या हाती लागलेल्या पाकिटांतून बहुधा नायट्राझेपामच्या पट्ट्या निघतात. नायट्राझेपाम हे झोपेचे औषध आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. तिकडे मालेगावात अल्प्राझोलामला ‘कुत्ता गोली’ म्हणतात. तेही औषधच, घबराटीवरचे. गल्लीने दोघांची कागदावरची नावे पुसली आणि आपली नावे दिली. नावे ऐकून हसू येते, पण त्यामुळे एक गोष्ट नजरेआड होते. या गोळ्या कुठल्या सरहद्दीवरून चोरून आणलेल्या नसतात. बॅच नंबर, मुदतीची तारीख, लाल अक्षरांतली सूचना असे सगळे अंगावर छापून घेऊन त्या कारखान्यातून निघालेल्या असतात. दवाची नशा होते ती पुढे, वाटेत कुठेतरी.

दुसरी बातमी याहून मोठी होती आणि ती देशभर गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालय, म्हणजे डीआरआय, आणि अहमदाबादची गुन्हे शाखा यांनी शहरात व पैठण एमआयडीसीत छापे घातले. कोकेन, मेफेड्रोन आणि केटामाइन यांचा साठा सापडला. पहिल्याच कारवाईतील मालाची किंमत अडीचशे कोटींच्या घरात सांगितली गेली. पैठणकडे जाणारा हा रस्ता इथल्या लोकांच्या रोजच्या येण्याजाण्याचा. शहर मागे टाकले की चौदाव्या किलोमीटरला चितेगाव, पुढे बिडकीन, ढोरकीन आणि मग पैठणची औद्योगिक वसाहत. व्हिडिओकॉनच्या नोंदणीकृत पत्त्यात ‘१४ किलोमीटर स्टोन, औरंगाबाद-पैठण रोड, चितेगाव’ असे लिहिलेले असे, त्यामुळे हा दगड टीव्ही घेणाऱ्यांना ठाऊक नसला तरी शेअर घेणाऱ्यांना ठाऊक होता. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि चितेगावची ती ओळख मागे पडली. पाच वर्षांनी याच रस्त्याचे नाव पुन्हा देशाच्या बातम्यांत आले, ते असे.

या दोन्ही बातम्यांच्या मथळ्यात शब्द एकच होता : ड्रग्ज. पण त्या एका शब्दाच्या गाठोड्यात निरनिराळ्या जातीच्या वस्तू होत्या. मेफेड्रोन मेंदूला उधळवते आणि त्याचा वैद्यकीय उपयोग काही नाही. २०१५ मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आले. नायट्राझेपाम मेंदूला थोपटून झोपवते. केटामाइन तर अजब आहे : शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल देण्यासाठी ते अर्ध्या शतकाहून अधिक काळ वापरात आहे, आणि त्याचाच जवळचा भाऊ असलेल्या एस्केटामाइनच्या नाकातल्या फवाऱ्याला २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, इतर कुठल्या औषधाला दाद न देणाऱ्या नैराश्यावरचा उपचार म्हणून मान्यता दिली. म्हणजे कारखान्यातून जप्त होते ती वस्तू आणि इस्पितळात दवा म्हणून दिली जाते ती वस्तू एकच असू शकते. फरक मात्रेचा, हाताचा आणि नीयतचा.

आता या मथळ्यांच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाचा विचार करू. पैठण रस्त्यावरच्या एखाद्या वस्तीतली बाई किंवा शिफ्टमध्ये काम करणारा तरुण मानसोपचारतज्ज्ञाने लिहून दिलेली नैराश्याची गोळी रोज घेतो आहे. तो मथळा वाचतो आणि मनात येते, आपणही ड्रग्जच घेतो का? घरातले आधीच म्हणत असतात, सवय लागेल, बंद कर. मग एक दिवस तो खरेच बंद करतो. दुसरीकडे, खरोखर सवय लावणारी गोळी त्याच घरात आजोबांच्या उशाला आठ वर्षांपासून असते आणि तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही, कारण ती ‘साधी झोपेची’ असते. सगळा घोळ इथे आहे. जिला भ्यायला हवे तिला आपण घरची मानली आहे आणि जिला भिण्याचे कारण नाही तिच्यावर सगळी बदनामी टाकली आहे.

या घोळात इंग्रजी शब्दांनीही भर घातली आहे. ‘डिप्रेसंट’ आणि ‘अँटिडिप्रेसंट’ हे शब्द एकमेकांचे उलट वाटतात. ते तसे नाहीत. डिप्रेसंट म्हणजे उदास करणारे औषध नव्हे. मेंदूचे आणि मज्जासंस्थेचे काम मंद करणारे ते डिप्रेसंट. मराठीत त्याला शामक म्हणता येईल. झोपेच्या गोळ्या, घबराटीच्या गोळ्या, फिटवरची काही जुनी औषधे यात येतात. आणि ज्याला कोणी औषध म्हणत नाही ती दारूही यातच येते. अँटिडिप्रेसंट म्हणजे नैराश्य या आजारावरचे औषध. ते मेंदूला मंदही करत नाही आणि उधळवतही नाही. निरोगी माणसाने सर्ट्रालिनची गोळी घेतली तर त्याला मजा येणार नाही; फार तर मळमळेल. म्हणूनच गल्लीत तिला गिऱ्हाईक नाही. बटनाच्या पाकिटात फ्लुओक्सेटिन सापडल्याची बातमी कधी वाचल्याचे कोणाला आठवते का?

शामक औषधांचा इतिहास म्हणजे दर पिढीला नव्याने झालेल्या भाबडेपणाचा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बार्बिट्युरेट आली. झोप हमखास येई, पण झोपेची मात्रा आणि मरणाची मात्रा यांत अंतर थोडे होते. फिनोबार्बिटोन अजूनही फिटच्या रुग्णांना दिले जाते, आणि जुन्या घरांत ‘गार्डिनल’ हे नाव माहीत असते. १९६० मध्ये लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या शोधातून क्लोरडायझेपॉक्साइड बाजारात आले, १९६३ मध्ये डायझेपाम. डॉक्टरांना वाटले, आता सुरक्षित औषध मिळाले. एकट्या डायझेपामने मृत्यू येणे खरोखरच दुर्मीळ होते. सवयीचा प्रश्न उशिरा ध्यानात आला. याच घराण्यात पुढे नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम जन्मली.

ही औषधे काम कशी करतात हे समजले की सवय का लागते हेही समजते. मेंदूत ‘गाबा’ नावाचे रसायन ब्रेकचे काम करते. ही गोळी त्या ब्रेकवर आणखी एक पाय ठेवते. धडधड थांबते, स्नायू सैल पडतात, डोळा लागतो, आणि हे सगळे अर्ध्या-पाऊण तासात. फिट थांबत नसेल तर शिरेतून दिलेले लोराझेपाम किंवा नाकात मारलेला मिडाझोलामचा फवारा जीव वाचवतो. शस्त्रक्रियेआधीची घबराट, दारू सोडताना येणारी थरथर, अचानक उसळलेला पॅनिकचा झटका, या सर्व ठिकाणी तिचे उपकार आहेत. या औषधांना सरसकट शिव्या देणारा माणूस कधी फिट आलेल्या मुलाच्या उशाशी बसलेला नसतो.

पण रोज ब्रेक दाबलेला राहिला तर मेंदू त्यावर उपाय काढतो : स्वतःचा ब्रेक ढिला करतो आणि ॲक्सिलरेटर वाढवतो. काही आठवड्यांत तीच गोळी कमी पडू लागते. अर्धी होती ती एक होते, एकाच्या दोन. म्हणूनच झोपेसाठी किंवा घबराटीसाठी ही औषधे दोन ते चार आठवड्यांच्या पलीकडे रोज घेऊ नयेत असे जगभरचे वैद्यकीय सल्ले सांगतात. आणि अशा मेंदूवरचा जादा पाय एकदम काढून घेतला, तर उरतो तो नुसता ॲक्सिलरेटर. झोप पार उडते, हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते. काही वेळा जीवही जातो. वयस्कांत आणखी एक गोष्ट दिसते. रात्री गोळी घेऊन बाथरूमला उठलेले आजोबा पडतात, खुब्याचे हाड मोडते, आणि दोष निसरड्या फरशीला दिला जातो.

हे अचानक तुटणे काय असते ते नांदेडच्या सीमेपलीकडे तेलंगणाने २०१५ मध्ये पाहिले. तिथल्या ताडीत अल्प्राझोलाम, डायझेपाम किंवा क्लोरल हायड्रेट मिसळण्याचा धंदा जुना. सरकारने भेसळीविरुद्ध कारवाई सुरू केली आणि भेसळीची ताडी मिळेनाशी झाली. त्यानंतर काही दिवसांतच निजामाबाद, महबूबनगर अशा जिल्ह्यांतल्या सरकारी इस्पितळांत माणसांची रीघ लागली : कोणाला फिट, कोणाला भास, कोणी स्वतःशीच बडबडणारे. ज्यांनी आयुष्यात गोळी गिळली नव्हती, ते गोळीच्या व्यसनात होते आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. कारवाई योग्यच होती. तिच्याआधी इस्पितळांची तयारी व्हायला हवी होती.

अँटिडिप्रेसंटचा जन्म मात्र वेगळ्याच घरात झाला, क्षयाच्या वॉर्डात. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू इस्पितळात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे नवे औषध देऊन पाहत होते. फुप्फुसांचे काय व्हायचे ते होवो, रुग्ण उत्साही झाले, खाऊ लागले, गप्पा मारू लागले. पुढे त्याच दशकात रोलंड कून या स्विस डॉक्टरांनी इमिप्रामिनचा गुण नोंदवला. फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत १९८७ च्या अखेरीस परवानगी मिळाली, त्यानंतर सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम वगैरे आली.

या कथेत हिंदुस्थानचाही एक धागा आहे, तो सहसा सांगितला जात नाही. सर्पगंधा ही आपल्याकडची वनस्पती. लोक तिला ‘पागल की दवा’ म्हणत. हकीम अजमल खान यांच्या प्रेरणेने दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमा सिद्दीकी यांनी तिच्यावर काम केले आणि १९३१ मध्ये तिच्यातून काढलेल्या एका द्रव्याला हकीम साहेबांच्या स्मरणार्थ ‘अजमलिन’ नाव दिले. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाबावर कशी चालते हे ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे मांडले. एक युनानी हकीम, एक मुस्लीम रसायनशास्त्रज्ञ, एक पारशी डॉक्टर आणि आयुर्वेदाला ठाऊक असलेली मुळी. पुढे तिच्यातल्या रिसर्पिनने काही रुग्ण खिन्न होतात अशा नोंदी आल्या, आणि मेंदूतली रसायने कमी झाल्याने मन खचते का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी गंभीरपणे घेतला. त्या प्रश्नाचे उत्तर आजही पुरते मिळालेले नाही. ‘सेरोटोनिन कमी झाले की नैराश्य’ हे सुटसुटीत समीकरण आता कोणी अभ्यासक तसेच्या तसे मांडत नाही. औषध अनेकांना लागू पडते. नेमके का, यावर वाद चालू आहे. वैद्यकात असे पुष्कळदा असते.

नैराश्य हा आजार आहे, मनाचा दुबळेपणा नाही, हे सांगायला युरोपची वाट पाहावी लागली नव्हती. नवव्या-दहाव्या शतकातले अबू झैद अल-बल्खी यांनी आपल्या ग्रंथात शरीराच्या आरोग्याबरोबर नफ्सच्या, म्हणजे मनाच्या, आरोग्याला वेगळा भाग दिला आणि दुःखाचे दोन प्रकार केले : ज्याचे कारण माहीत असते ते, आणि ज्याचे कारण सापडत नाही ते. दुसऱ्या प्रकारात शरीराचाही हात असतो असे ते मानत. रमजानच्या दिवसांत नैराश्याला ‘ईमानची कमजोरी’ म्हणणाऱ्यांनी हे नाव एकदा ऐकायला हरकत नाही. हाच टोमणा दुसऱ्या घरांत ‘देवाचं कर काहीतरी’ अशा शब्दांत मारला जातो.

अँटिडिप्रेसंटची खरी अडचण तिचा संथपणा ही आहे. गोळी सुरू केल्यावर गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहा लागतात. दुष्परिणाम मात्र पहिल्याच आठवड्यात येतात : मळमळ, डोकेदुखी, थोडी अस्वस्थता. म्हणजे आधी त्रास, मग आराम. पुष्कळ रुग्ण मधल्या फटीत गळतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णांकडे सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावे, कारण त्या काळात काहींच्या मनात स्वतःला इजा करण्याचे विचार वाढू शकतात. ज्याला कधी अतिउत्साहाचे झटके आले असतील त्याने ते डॉक्टरांना सांगावेच. दोन टोकांच्या त्या आजारात नुसती ही गोळी उलटू शकते. बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने ती चालू ठेवतात. एकदम थांबवली तर चक्कर, चिडचिड, अंगात विजेचा झटका बसल्यासारखी भावना होते, म्हणून तीही हळूहळू कमी करायची असते. यालाच लोक ‘सवय’ म्हणतात. पण मात्रा वाढवत नेण्याची ओढ, गोळीसाठी उसनवारी किंवा चोरी, तिच्यापुढे घरदार विसरणे, व्यसनाची ही लक्षणे इथे दिसत नाहीत. एका जुन्या अँटिडिप्रेसंटची, अमिट्रिप्टिलिनची, छोटी मात्रा तर मायग्रेनला आणि मधुमेहातल्या पायांच्या आगीला दिली जाते. ती घेणाऱ्या कित्येकांना आपण कसली गोळी घेतो हे माहीतही नसते.

मग अँटिडिप्रेसंटची सवय लागते हा समज इतका पक्का कसा? एक कारण औषधाच्या दुकानात सापडते आणि त्याची चर्चा फार कमी होते. आपल्या देशात एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घातलेली औषधे सर्रास विकली जातात. पहिले नैराश्याचे, महिनोन्‌महिने घ्यायचे. दुसरे शामक, आठवड्यांत थांबवायचे. एकाच गोळीत बसवल्यावर जे थांबवायचे तेही महिनोन्‌महिने पोटात जाते. रुग्णाला पहिल्याच रात्री झोप लागते, तो खूश होतो, डॉक्टरही खूश होतात. वर्षाने गोळी सोडायला गेला की झोप उडते, छाती धडधडते, आणि घरात निकाल लागतो : बघ, म्हटलं नव्हतं, डिप्रेशनच्या गोळीची सवय लागते. सवय लावली शेजाऱ्याने, नाव गेले तिचे. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे आधारासाठी शामक जोडून देण्यात चूक नाही, पण ते वेगळ्या गोळीत असले तरच वेगळे काढता येते. पट्टीच्या मागे दोन नावे आहेत का, एवढे पाहणे कोणालाही जमण्यासारखे आहे. आणि दिसल्यास डॉक्टरांना विचारण्यात अपमान कोणाचाच नाही. स्वतःहून बंद करणे तेवढे टाळावे.

कायदा याबाबत गप्प नाही. १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ लागू आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, कोडीन, ट्रामाडोल ही सगळी त्या यादीत आहेत. औषध विक्रेत्याने अशा प्रत्येक विक्रीची वेगळ्या वहीत नोंद करायची : डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध, संख्या. ती वही तीन वर्षे जपायची. वही असते. प्रश्न तिचे पान कोण उलटतो हा आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे निरीक्षक पुरेसे नाहीत ही तक्रार जुनी. गल्लीतल्या पोराला चार पट्ट्यांसह पकडले की बातमी होते. पण चार पट्ट्या एका खोक्यातून येतात आणि खोकी घाऊक बाजारातून. कारखाना, घाऊक विक्रेता, दुकान आणि रुग्ण यांची बेरीज जुळते का, हे तपासणे छाप्याइतके छायाचित्रात शोभत नाही.

धाक मात्र चुकीच्या जागी पोचतो. नशेच्या गोळ्यांवर कारवाईची लाट आली की एखादा सावध दुकानदार मानसोपचाराची औषधे ठेवणेच बंद करतो. नको ती कटकट. मग फिटच्या मुलाचे क्लोबाझाम गावात मिळत नाही आणि एका पट्टीसाठी कोणाला तरी शहर गाठावे लागते. व्यसनात सापडलेल्याला तर इस्पितळाचीच भीती वाटते, नाव पोलिसांकडे जाईल म्हणून. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात ६४-अ हे कलम आहे. स्वतःच्या सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊन ते पुरे करत असेल, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. हे कलम पोलीस ठाण्याच्या फलकावर नाही, मशिदीच्या नोटीस बोर्डावर नाही, गणेश मंडळाच्या फलकावरही नाही.

आकड्यांकडे पाहिले तर दोन्ही बाजू एकदम दिसतात. ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, देशात सुमारे १ कोटी १८ लाख लोक शामक गोळ्या वैद्यकीय कारणाशिवाय घेतात असे आढळले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वीसपैकी एका प्रौढाला आयुष्यात कधीतरी नैराश्य गाठते, आणि नैराश्याच्या शंभरातल्या सुमारे पंचाऐंशी जणांना उपचार मिळत नाहीत. एका बाजूला गरज नसताना गोळी, दुसऱ्या बाजूला गरज असून नाही. दोन्ही गर्दी एकाच रस्त्यावर, कधीकधी एकाच घरात असते. चितेगाव-बिडकीनच्या पट्ट्यात औषधाचे दुकान रस्त्यालगत आहे. मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा तर घाटी रुग्णालय किंवा शहरातला खासगी दवाखाना, म्हणजे एक दिवसाची मजुरी. रात्रपाळी करून दिवसा झोप न लागणाऱ्या कामगाराच्या हाताला यातले काय आधी लागेल, हे सांगायला पाहणी नको. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलते, मराठीतही. व्यसनासाठी १४४४६ हा क्रमांक आहे. हे क्रमांक औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर चिकटवायला परवानगी लागत नाही.

रमजानशी या सगळ्याचा संबंध थेट आहे. चंद्र दिसला की पुष्कळजण ठरवतात : आजपासून सगळे बंद. गुटखा बंद, सिगारेट बंद, दारू बंद, गोळी बंद. श्रावण लागला की शेजारच्या घरांतही हाच निश्चय होतो. नीयत दोन्हीकडे चांगली आणि कौतुकाची. तंबाखू एकदम सोडल्याने चिडचिड होते, जीव जात नाही. पण रोज भरपूर दारू पिणारा किंवा महिनोन्‌महिने बटन, अल्प्राझोलाम घेणारा माणूस एका रात्रीत थांबला, तर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट आणि भ्रम येऊ शकतात. दीर्घ काळ अंगात राहणाऱ्या गोळ्यांत हे आठवड्यानेही घडते. तिसऱ्या रोजाला हात थरथरतात, घाम सुटतो, भिंतीवर काही दिसते. घरातले समजतात रोजा सोसला नाही, किंवा कोणाची सावली पडली. ही वेळ ताबडतोब इस्पितळात नेण्याची असते. तिथे त्याला शामकच देतात, मोजून, आणि दिवसागणिक कमी करत आणतात. १९८६ मध्ये पुण्यात अनिल आणि अनिता अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले तेव्हा प्रश्न गर्दचा होता. पण व्यसन सोडणे ही नुसत्या निश्चयाची नव्हे, उपचाराची गोष्ट आहे, हे मराठी समाजाला तेव्हापासून कानावर आहे. सोडायचेच आहे तर रमजानच्या किंवा श्रावणाच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जावे आणि मात्रा उतरवत आणावी.

दुसरा गट रोजे ठेवणाऱ्या रुग्णांचा. दिवसातून एकदा घ्यायची अँटिडिप्रेसंट इफ्तारनंतर किंवा सहरीला घेता येते. वेळ बदलायची कशी ते डॉक्टर दोन मिनिटांत सांगतात, विचारले तर. लिथियमचे तसे नाही. दिवसभर पाणी न पिल्याने रक्तातले लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते, त्यामुळे ते घेणाऱ्याने रोज्याचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. तरावीह आणि सहरी यांच्यामध्ये उरलेल्या तीन-चार तासांसाठी झोपेची गोळी घेणाऱ्याची सकाळ मोटारसायकलवर जाते, याचाही विचार व्हावा. आजारी माणसाला रोजे नंतर पुरे करण्याची मुभा सूरह बकरामध्येच दिलेली आहे. मधुमेहाच्या रुग्णाला ती सांगताना मौलवी साहेब अडखळत नाहीत. इलाज म्हणून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेली दवा नशा धरली जात नाही, असेच बहुतेक उलेमांचे मत आहे. जुम्याच्या बयानात हे एक वाक्य आले तर कित्येक घरांत गोळीची पट्टी कपाटातून बाहेर येईल.

कारण सर्वांत जास्त घडते ते असे की, रुग्ण कोणालाही न सांगता रमजानच्या पहिल्या दिवशी अँटिडिप्रेसंट थांबवतो. पहिले दोन-चार दिवस चक्कर येते, ती रोज्याच्या खात्यावर जमा होते. मग महिनाभर छान जातो. घर भरलेले, इफ्तारची लगबग, मशिदीतली सोबत, मनाला उभारी असते. रुग्णाला वाटते गोळीशिवायही जमते आहे. नैराश्य परत येते ते सावकाश, काही आठवड्यांनी, बहुतेकदा ईद होऊन गेल्यावर. पाहुणे गेलेले असतात, कामाची शिफ्ट पुन्हा सुरू झालेली असते, आणि गोळी नेमकी कधी बंद झाली होती हे घरात कोणालाच ठाऊक नसते.